वायर पुरत नाही

इन्कम टॅक्सचं एक मानलं पाहिजे, आपल्याबद्दल त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं घरच्यांना पण नसतं. सेव्हिंग खात्यावर वर्षभरात किती व्याज आलं, शेअर कधी विकले, एफडी कुठं ठेवलीय, सगळं एआयएसमध्ये (म्हणजे खात्यानं काढलेला आपल्या वर्षभराच्या व्यवहारांचा उतारा) आधीच मांडून ठेवलेलं, आपण फक्त बघायचं आणि गप मान डोलवायची. रिटर्न भरलं की मेसेज, व्हेरिफाय केलं की मेसेज, ते पण रात्री साडेअकराला, म्हणजे तिकडचा कम्प्युटर झोपत नाही. तक्रार त्या कम्प्युटरबद्दल नाहीचे. कम्प्युटर जिथं हात वर करतो आणि म्हणतो की आता माणसाला भेटा, तिथनं पुढं सगळा कारभार सिद्धेश्वर महाराजांच्या भरवशावर.

झालं असं की मागच्या वर्षी मला रिफंड येणार होता, मनातल्या मनात मी दुकानाला नवीन शटर पण बसवून टाकलं होतं, आणि मेसेज आला की तुमचा रिफंड जुन्या डिमांडमध्ये, म्हणजे टॅक्सच्या जुन्या थकबाकीत, वळता करतोय, काय म्हणायचं असेल ते २१ दिवसांत म्हणा. जुनी डिमांड? कसली जुनी डिमांड? पोर्टल उघडलं तर असेसमेंट इयर २०१२-१३, मुद्दल १०,४३० रुपये, आणि त्यावर महिन्याला १ टक्का व्याज, जे इतक्या वर्षांत वाढून वाढून मुद्दलाच्या डोक्यावर जाऊन बसलंय. (आपण सरकारला देणं लागलो तर महिन्याला १ टक्का आणि सरकार आपल्याला रिफंड देणं लागलं तर महिन्याला अर्धा टक्का, हा हिशोब ज्यानं बसवला त्याच्यापुढं आमच्या पेठेतला सावकार म्हणजे संतमाणूस.)

कारण शोधलं तर असं निघालं, तेव्हा मी बाहेरगावी नोकरीला होतो, कंपनीनं पगारातनं टीडीएस कापला, सरकारला भरला पण, पण भरताना कुणीतरी माझ्या पॅनमधले दोन आकडे उलटे टाइप केले. मधले चारच आकडे असतात ओ पॅनमध्ये, बाकी सगळी अक्षरं, त्या चारातले दोन उलटे. माझा टॅक्स कुणा तिसऱ्याच्याच नावावर, नाहीतर हवेत. कंपनीनं तो दुरुस्त करून द्यायचा असतो, पण ती कंपनी कधीच बंद पडली, आता तिथं मोबाईलचं शोरूम आहे म्हणे.

आणि ह्यात सगळ्यात जास्त जळजळ कशाची झाली सांगू का. २०२४ च्या १ फेब्रुवारीला निर्मला सीतारामन यांनी बजेटमध्ये सांगितलं होतं की असल्या जुन्यापान्या डिमांड सोडून देतोय, आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या २५,००० पर्यंत माफ, आणि २०१०-११ ते २०१४-१५ च्या १०,००० पर्यंत माफ. आमचा एक दोस्त आहे, नवी पेठेत दुकान, त्याची २००८ सालातली चोवीस हजारांची डिमांड उडाली. त्याला अशी काही डिमांड होती हेच माहीत नव्हतं! आणि माझी? ४३० रुपयांनी राहिली. त्या कारकुनानं उलटे करायचेच होते तर डिमांडचे आकडे तरी उलटे करायचे.

मग सीएकडं गेलो. सीए म्हणाला, काका टेन्शन घेऊ नका, कलम २०५ आहे, कंपनीनं टीडीएस कापलाय म्हटल्यावर तेवढ्या रकमेसाठी परत तुमच्याकडं मागता येत नाही, फॉर्म १६ आहे, पगाराच्या स्लिपा आहेत, कायदा तुमच्या बाजूनं आहे. (आता नवा २०२५ चा कायदा आलाय, १ एप्रिल २०२६ पासून, सगळ्या कलमांचे नंबर बदलले. फोन नंबर तेवढा तोच आहे.) पोर्टलवर 'डिमांड मान्य नाही' असं टाकलं, कागद जोडले, पुढं लिहून आलं की हे तुमच्या असेसिंग ऑफिसरकडं, म्हणजे एओकडं, पेंडिंग आहे. हेल्पलाइनला फोन केला, एक दाबा, तीन दाबा, परत एक दाबा करत करत एका मुलीपर्यंत पोचलो, आवाज एवढा गोड की मला वाटलं काम झालंच. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, सर, ही डिमांड तुमच्या एओंनी टाकलेली आहे, तुम्ही त्यांच्याशी संपर्क साधा.

माझा एओ कोण, तर पोर्टलवर बघायची सोय आहे, आणि बघितल्यावर कळलं की मी सोलापूरला येऊन इतकी वर्षं झाली तरी माझं पॅन अजून त्याच नोकरीच्या गावात राहतंय. ते सोलापूरला आणायचं तर जुन्या ऑफिसनं सोडलं पाहिजे, आणि जुन्या ऑफिसनं सोडायला जुन्या ऑफिसला फोन लागला पाहिजे. गावाचं नाव सांगत नाही, उगं कशाला.

तर फोन. लँडलाइन नंबर, शेजारी फॅक्सचा पण नंबर दिलेला. मी आपला दुकानात काउंटरवर मोबाईल स्पीकरला टाकायचो आणि गिऱ्हाईक करत बसायचो. एप्रिलचा महिना, बाहेर रस्त्यावर कुत्रं नाही, आत पंख्याखाली मी, दुकानात ठेवलेला कामवाला पोरगा, आणि काउंटरवर ट्रिंग ट्रिंग ट्रिंग. इंडीकडची मंडळी लग्नाच्या आहेराला चादरी घ्यायला आलेली, त्यातल्या एका आज्जीबाईला तो आवाज सहन होईना, म्हणाल्या, "अवो मालक, आधी त्यो फोन तरी उचला की." मी म्हणलं आज्जी, तो मी लावलाय, तिकडनं उचलायचाय. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की चादरीचा भाव मी आपोआप पन्नास रुपयांनी कमी केला. आमचा कामवाला पूर्व भागातला, घरी तेलुगू, दुकानात मराठी, तो म्हणायचा, "मालक, तिकडं कोन नाही वो, मोबाईल तापलालाय बघा." पार्क चौकात चहाला गेलं की दोस्तमंडळी नमस्कार चमत्कार सोडून हेच विचारायची, "काय बे, लागला का फोन?"

लागायचा की. न लागण्याचा प्रश्नच नव्हता. एंगेज नाही, बंद नाही, चुकीचा नाही, पूर्ण रिंग जायची आणि कट व्हायची. एखादा नंबर अस्तित्वात नसेल तर माणूस नाद सोडतो, पण वाजणारा फोन आशा लावून ठेवतो.

आणि एक दिवस उचलला.

"हॅलो, कोन पायजे?"

मी इतका गडबडलो की आधी स्वतःचंच नाव सांगितलं. मग म्हणलं, वॉर्डचे साहेब आहेत का?

"न्हाईत."

"कधी येतील?"

"ते आता येत न्हाईत, रिटायर झाले."

"मग त्यांच्या जागेवर?"

"जागा हाय, मानूस न्हाई."

"आपण कोण बोलताय?"

"मी गेटवरचा शिकुरटी. बाटलीत पानी भराय आत आलतो, लई येळ वाजायलाय म्हनून उचलला. पाव्हणं कुठनं बोलताय?"

सोलापूर म्हटल्यावर गडी खुलला. मूळचा मंगळवेढ्याकडचा निघाला, मग काय, पाऊसपाणी, ज्वारीचा भाव, उजनी किती टक्के भरली, सगळं झालं, आणि त्या गप्पांत मला त्या ऑफिसचं जे कळलं ते कुठल्या पोर्टलवर नाही. त्या खोलीत आधी सहा टेबलं चालू होती. माणसं रिटायर होत गेली, बदलून गेली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि आता अख्ख्या खोलीत एक मॅडम आहेत. साहेब म्हणून जे आहेत त्यांच्याकडं दुसऱ्या दोन ठिकाणचा चार्ज आहे, ते सहीपुरते येतात. फोन आहे तो रिटायर झालेल्या साहेबांच्या टेबलावर, दाराजवळ. मॅडम बसतात खिडकीपाशी, कारण कम्प्युटरचं कनेक्शन तिकडं आहे. मधे फाइलींचे गठ्ठे. मी म्हणलं, मग फोन मॅडमच्या टेबलावर का ठेवत नाही?

"वायर पुरत न्हाई की," तो म्हणाला.

म्हणजे बघा, फोन वाजतो, मॅडमना ऐकू येतो, त्या हातातलं काम सोडून उठतात, गठ्ठ्यांतनं वाट काढत दारापर्यंत येतात, तोवर रिंग बंद. परत जाऊन बसतात. मी इकडं सोलापुरात शिव्या घालतोय, आणि त्या तिकडं माझ्यामुळं दिवसभर खोलीत फेऱ्या मारतायत.

त्या दिवसापासून मी टेक्निक बदललं, आणि ज्यांना कुठल्याही सरकारी ऑफिसला फोन करायचाय त्यांनी हे लिहून घ्या. पहिली रिंग पूर्ण जाऊ द्यायची, कट झाली रे झाली की लगेच दुसरी मारायची. पहिली रिंग माणसाला खुर्चीतनं उठवायला, दुसरी बोलायला. पहिल्याच वेळेस मॅडमनी उचलला, धाप लागलेली, "बोला". बाकी त्या बोलायला एकदम सरळ. उभ्या राहूनच बोलत होत्या, कारण त्या टेबलाची खुर्ची शेजारच्या सेक्शनवाल्यांनी नेली होती. पॅन विचारला, मी सांगितला, "थांबा हं, सिस्टीमला बघून येते," आणि रिसीव्हर टेबलावर ठेवला.

मग मी ऐकत बसलो. चपलांचा आवाज लांब लांब जातोय. पंखा किरकिरतोय. कुठंतरी शिक्का मारल्याचा आवाज. की-बोर्डची टकटक. शांतता. मग चपला परत जवळ.

"सर, शेवटचे आकडे एक सात का सात एक?"

माझ्या छातीत धस्स झालं. अहो ह्याच उलटापालटीत तर डिमांड निघाली होती माझी! चार वेळा सांगितलं, एकं दशं करून सांगितलं. चपला परत गेल्या, परत आल्या. मी म्हणलं मॅडम, तुम्ही तुमच्या मोबाईलवरनं करा ना मला, एवढी चालाचाल कशाला. तर म्हणाल्या, "स्वतःचा नंबर दिला की लोक रात्री जेवताना फोन करतात हो, एकदा दिला होता." बरोबर आहे. मी पण केला असता.

मेल करा म्हणाल्या, केला. स्पीड पोस्टानं पण पाठवा म्हणाल्या, तो पण सात रस्त्याला जाऊन केला. मग काही दिवसांनी परत दोन रिंगा, परत चपला, तर कळलं की आता टाइम बारिंगचं काम चाललंय, म्हणजे ज्या केसेस ठरलेल्या तारखेच्या आत नाही संपवल्या तर कायद्यानं हातातनंच जातात, त्या आधी. लाखा-कोटींच्या केसेस, सहा टेबलांचं काम, एक माणूस, आणि त्यात माझी १०,४३० रुपयांची फाइल. मॅडमवर चिडावं म्हणलं तर चिडता येईना. खात्यावर चिडावं म्हणलं तर खातं म्हणजे कोण, मेसेज पाठवणारा कम्प्युटर? पदं रिकामी ठेवायची, काम तेवढंच ठेवायचं आणि वर वेबसाइटवर 'करदात्यांच्या सेवेत' म्हणून फोन नंबर छापायचा, हे ज्यांनी ठरवलं त्यांचा नंबर कुठं छापलेला नसतो. रिकाम्या खुर्चीवर माणूस किती चिडणार, आणि इथं तर खुर्ची पण नव्हती.

तरी मॅडमनी काम केलं. रेक्टिफिकेशन, म्हणजे चुकीची दुरुस्ती, सिस्टीममध्ये टाकलं, मला स्वतःहून सांगितलं, आता फक्त साहेबांचं अप्रूव्हल राहिलंय, साहेब आले की होईल. साहेब कधी येतील ते मॅडमना माहीत नाही. साहेबांना पण माहीत असेल असं वाटत नाही, तिन्हीकडं चार्ज असल्यावर माणूस नेमका कुठल्या ऑफिसात नाहीये हे त्याला तरी कसं कळणार.

परवा दुपारी दुकानात बसलो होतो तर मोबाईलवर तोच लँडलाइन नंबर. मी उभाच राहिलो. कामवाल्याला म्हणलं पंखा बंद कर, गिऱ्हाइकाला म्हणलं दोन मिनिटं. अप्रूव्हल झालं!

"पाव्हणं, मी गेटवरनं. चादर कितीला पडती ओ तुमच्याकडं? डबलबेडची, चांगली, मोराची बिराची."

"आहेत की. घरी कार्य आहे काय?"

"न्हाई, मॅडमला द्यायची. सगळ्यांनी वर्गणी काढलीया. पुढच्या म्हैन्यात रिटायर व्हायलेत."

मी गप्प. मग भाव सांगितला, वर्गणीत किती जमलेत ते विचारून त्यातच बसवला, आणि शेवटी न राहवून विचारलं, "मग आता फोन कोण उचलणार हो तिथं?"

"त्येचं झालंय समदं," तो म्हणाला, "वायर वाढवून गेटवर घ्यायला लागलेत."