सुका कचरा: शून्य

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर एका रविवारी नवऱ्याने माझ्यासमोर बॅगा मोजायचा लटकता काटा धरला आणि विचारलं, "आपण दोघं मिळून किती कचरा करतो, माहितीये?"

माहीत नव्हतं. याला कधी किती राग आलाय ते मी ग्रॅममध्ये सांगू शकते, पण कचऱ्याचं काही सांगता येईना.

झालं होतं असं की आदल्या दिवशी सासवड रस्त्याने येताना याची गाडी उरुळी देवाचीच्या कचरा डेपोजवळ बंद पडली. अर्धा तास तिथे काढून हा घरी आला तो काशीहून आल्यासारखा. तिथल्या गावकऱ्यांनी किती वर्षं पुण्याची घाण नाकाशी सोसली, त्यांनी गाड्या अडवल्या की मगच आपल्याला कोपऱ्यावरचे ढीग कसे दिसतात, वगैरे. सगळं खरं होतं. तीच पंचाईत. खोटं बोलणाऱ्या नवऱ्याशी भांडता तरी येतं.

वही आली. रकाने दोन: ओला आणि सुका. पहिला आठवडा: ओला ४ किलो २०० ग्रॅम, सुका ९०० ग्रॅम. उद्दिष्ट: शून्य. मी म्हटलं, अरे, अर्ध्यावर तरी आणू आधी. पण मधलं स्टेशन याला मान्य नसतं.

ओल्याची सुरुवात स्वयंपाकघरात झाली. दोडक्याच्या शिरांची चटणी आमच्याकडे आधीपासून व्हायची, त्यामुळे मला वाटलं, हे आपल्या हातचं आहे. मग दुधीच्या सालांची चटणी झाली, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची थालीपिठं झाली, कोथिंबिरीच्या देठांचं सार झालं. त्या आठवड्यात आम्ही भाज्या कमी आणि त्यांची कातडी जास्त खाल्ली. मटाराच्या सालांपाशी मी हात टेकले. याने ती सोलायला घेतली, आतला पापुद्रा काढून. पाऊण तासाने चमचाभर ऐवज निघाला आणि बाकीचं ढीगभर ओल्या कचऱ्यात गेलं. वहीत खाडाखोड झाली.

म्हणून खत. बाल्कनीत भोकं पाडलेली बादली आली. मी आंबट ताक शिंपडलं, हा रोज सकाळी हलवून बघायचा, चहाच्याही आधी. आठव्या दिवशी शेजारच्या काकूंनी दारात येऊन फार हळुवारपणे विचारलं, "तुमच्याकडे कोणी आजारी आहे का?" दहाव्या दिवशी बादलीत जाड, करड्या अळ्या वळवळायला लागल्या. मी किंचाळले. याने मोबाइलवर वाचून दाखवलं की ही ब्लॅक सोल्जर फ्लायची पिल्लं, चावत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खातात. आमच्या घरात मनापासून जेवणारं कोणीतरी आलं होतं.

वासाचं कारण मात्र साधं निघालं. ओलावा फार, हवा खेळत नाही. ओल्याच्या दुप्पट सुका पाला हवा. आता चौथ्या मजल्यावर पाला कुठून आणायचा? म्हणून पहाटे साडेपाचला, ओळखीचं कोणी दिसू नये अशा बेताने, आम्ही पोतं घेऊन बागेबाहेरच्या रस्त्यावर. झाडूवाल्या मावशींनी नुकताच ढीग लावलेला. आधी त्यांना आम्ही चोर वाटलो, मग वेडे. मग त्यांनी स्वतः पोतं धरलं, दाबून भरून दिलं आणि म्हणाल्या, "रोज येत जावा की!"

म्हणजे कचरा कमी करायला निघालेलं जोडपं रस्त्यावरचा पोतंभर कचरा लिफ्टने घरी घेऊन आलं. मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "पाला हा कच्चा माल आहे."

सुक्याची लढाई बाजारात. २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून आमच्याकडे सत्तावीस कापडी पिशव्या आहेत. त्या सत्तावीसही कायम घरी असतात. त्यामुळे मंडईत दर वेळी अठ्ठाविसावी घ्यावी लागते. डेअरीत स्टीलचा डबा नेला, तर दुकानदाराने कौतुकाने पनीर मोजलं, प्लास्टिकच्या पिशवीत भरलं आणि ती पिशवी डब्यात ठेवली. "डबा ओशट होईल ना, वहिनी."

पण याचा हुकमी एक्का म्हणजे दुधाच्या पिशव्या. रोज दोन. कोपरा कापायचा पण तुकडा वेगळा होऊ द्यायचा नाही, कारण तो चिटुकला तुकडा नंतर कुठेच गोळा होत नाही. मग धुवायच्या आणि दोरीवर चिमट्याने वाळत घालायच्या. तीन महिन्यांत आमच्या दिवाणात पाहुण्यांच्या गाद्या ठेवायला जागा उरली नाही. कुणी येऊन बसलं की खालून कुरकुर ऐकू यायची. वहीत मात्र सुका ९०० वरून ३००, मग १२०, आणि गेल्या शनिवारी, लाल पेनाने: शून्य.

रविवारी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंनी बेल वाजवली. "गावाला गेला होता का? काहीच येत नाही तुमच्याकडून."

याने छाती काढून सगळा प्रयोग सांगितला. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि दुधाच्या पिशव्या?"

"साठवल्यात! धुऊन!"

"तेवढंच तर आम्हाला विकता येतं, दादा. वेफरचे चकचकीत पुडे कुणी घेत नाही, ते बरोबर देत होता. किलोवर जाणारा माल दिवाणात ठेवलाय."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो वहीकडे बघत होता. मला वाटलं, त्याला वाईट वाटतंय. वाटतही असेल. पण अकरा वर्षांचा अनुभव सांगत होता की पिशव्या दिल्या तर शून्याचं काय, हा विचार चालू आहे.

शेवटी दिवाण उघडला. ताईंनी पिशव्या गोणीत भरल्या, याने गोणी काट्याला लावली, पाऊण किलो भरली. ताई खूश होऊन पायऱ्या उतरल्या. मी दिवाणावर बसले. कुरकुर नाही.

तो टेबलाशी पट्टी घेऊन वहीत तिसरा रकाना आखत होता. वर लिहिलं होतं: 'आहेर'.