डिचोलीकरबाब, तो स्विच मी चालू केला होता

डिचोलीकरबाब,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मस्कतला बहिणीकडे रोमिंगविना काढलेल्या तीन दिवसांचं मी रडगाणं गायलं, असं तुमचं म्हणणं. सेटिंगमध्ये डेटा रोमिंग चालू करून फोन बंद-चालू केला असता तर काम झालं असतं, नाहीतर विमानतळावर तिथलं सिम घ्यायचं होतं. वर 'आमच्या घरचे तारवटी वीस वर्षं बोटीवर आहेत, त्यांचं कधी अडलं नाही' हेही.

तारवट्यांचं खरं आहे. माझा चुलतभाऊही बोटीवरच असतो. तो बंदरावर उतरला की तिथलं सिम घेतो आणि गोव्याचा नंबर फोंड्याला वहिनीच्या फोनमध्ये ठेवून जातो. ओटीपी आला की वहिनी व्हॉट्सॲपवर सांगते. ओटीपी कोणालाही सांगू नका म्हणून बँक घसा कोरडा करते, तो भाग सोडा, त्यांचं चालतं. माझा नंबर माझ्याच खिशात होता आणि मुलीच्या प्रवेशाची फी भरायची ती शेवटची रात्र होती. गोव्यात बारा म्हणजे मस्कतला साडेदहा. तिथलं सिम घेऊन इंटरनेट मिळालं असतं, पण ते बहिणीच्या वायफायवर फुकट मिळतच होतं. ओटीपी नव्या सिमवर कसा येणार? फी शेवटी धाकट्या भावाने स्वतःच्या खात्यातून भरली.

आता स्विचबद्दल. तो मी चालू केला होता, पण त्याने फक्त फोनची परवानगी मिळते, तीही डेटापुरती. खरी परवानगी आपल्या कंपनीकडे असते. परक्या देशात फोन चालू झाला की तिथलं नेटवर्क सिमचा क्रमांक बघतं. सुरुवातीच्या ४०४ किंवा ४०५ वरून सिम भारतातलं आहे हे कळतं, पुढच्या आकड्यांवरून कंपनी. मग त्या कंपनीला विचारणा जाते की या गिऱ्हाइकाला बाहेर फिरायची मुभा आहे का. तिथे 'नाही' अशी नोंद असेल तर तुमच्या स्विचला कोण विचारतो?

बंद-चालू म्हणाल तर निदान तीसेक वेळा केला. गंमत अशी, की काही प्रकारचे नकार मिळाले की नाकारणाऱ्या नेटवर्कचं नाव सिमवरच्या एका यादीत जाऊन बसतं. मग फोन आपणहून त्याच्या वाटेला जात नाही. फोन बंद केला तरी ती यादी पुसली जात नाही.

कंपनीशी बोलणं हा आणखी एक तमाशा. चॅटवर मदत मागितली तर ओळख पटवायला ओटीपी, आणि तो येणार त्याच नंबरवर! भाऊ फोंड्याच्या दुकानात गेला, तर त्याला सांगितलं, 'ज्यांचा नंबर आहे त्यांनी त्याच नंबरवरून फोन करावा.' दर वेळी उत्तर एकच, चोवीस तासांत होईल.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाच्याने माझा फोन घेतला, नेटवर्कची आपोआप निवड बंद केली आणि फोनने दाखवलेल्या नेटवर्कांतलं एक हाताने निवडलं. चक्र फिरत राहिलं, मग दांड्या उभ्या राहिल्या आणि पाठोपाठ अकरा मेसेज आले: मेलेले चार ओटीपी, वीजबिलाची आठवण, कुठल्याशा कर्जाची जाहिरात, आणि सगळ्यांत शेवटी 'आपले रोमिंग सुरू झाले आहे'. तो आदल्या रात्रीचा होता. म्हणजे निदान शेवटचे काही तास फोनच रुसून बसला होता. तेवढ्यापुरती कंपनीला दिलेली शिवी मागे घेतो.

आणि एक चूक पुरती माझी. रोमिंगचा पॅक मी मोपा विमानतळावर चेक-इनच्या रांगेत उभं राहून घेतला. पैसे लगेच कापले गेले, तेव्हा झालं काम असं समजलो. चार दिवस आधी घरी बसून हे करायला हवं होतं, यावर तुम्ही हवं तेवढं बोला.

मूळ लेखातलं 'टॉवरच मिळत नव्हता' हे वाक्य आज बदललं आहे. टॉवर मिळत होता, तो मला घेत नव्हता.