नॉइज कॅन्सलिंग हेडफोननं पोरं बहिरी होतात म्हणे: त्या मेसेजला उत्तर

उन्हाळा लागल्यापासून एकच मेसेज मला अकरा जणांनी पाठवला. बहुतेक सगळे माझ्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांचे पालक. कुणी उदगीरचे, कुणी औशाचे, अहमदपूरचे. लातुरात मी साठ खुर्च्यांची अभ्यासिका चालवतो. नीटची, जेईईची, काही स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत बसतात. त्यातली निम्मी कानाला काहीतरी लावून लेक्चर ऐकतात. परवा एका वडिलांचा थेट फोन आला, "सर, पोराकडचं ते हेडफोन काढून घ्या बघा. बहिरी व्हायलेत म्हणे पोरं त्यानं." सोयाबीनच्या पैशातून त्यांनीच ते पोराला घेऊन दिलं होतं. त्यांच्या आवाजातली भीती खरी होती, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मेसेज असा: "सावधान! नॉइज कॅन्सलिंग हेडफोन बाहेरचा आवाज मारण्यासाठी कानात तेवढाच मोठा उलटा आवाज सोडतात. कानाच्या पडद्यावर दुप्पट मारा होतो, वर्षभरात बहिरेपण येते. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी एकाच लहरीवर चालतात, मेंदू शिजतो. एवढे करून माणसांचे बोलणे ऐकू येतेच, म्हणजे फसवणूक. दोन हजारांचा आणि तीस हजारांचा आतून एकच माल. त्यापेक्षा कानात कापूस घाला, नाहीतर साधा वायरचा इअरफोन वापरा. दहा जणांना पाठवा."

पहिला मुद्दा दुप्पट माऱ्याचा. सगळी भीती त्याच्यावर उभी आहे, म्हणून तिथं जरा थांबतो. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची चढउतार. लाट आली की कानाचा पडदा आत ढकलला जातो, ओसरली की बाहेर येतो. हेडफोनमधला छोटा माइक बाहेरची लाट टिपतो आणि आतला स्पीकर नेमकी उलटी हालचाल करतो. बाहेरची लाट ढकलत असते त्या क्षणी तो ओढतो. पंचमीचा झोका आठवा. झोका तुमच्याकडे येत असताना नेमक्या वेळी तेवढाच उलटा जोर लावला तर तो थांबतो. दोन बाजूंनी जोर लागला म्हणून झोक्यावरची मुलगी दुप्पट उंच जात नाही.

कानातही तेच घडतं. दोन्ही लाटा पडद्यापाशी पोचायच्या आधी एकमेकींत मिसळतात आणि पडद्याला जाणवते ती फक्त उरलेली हालचाल. ऐकू येणं म्हणजेच पडदा हलणं. तेव्हा "ऐकू कमी येतं, पण आतून मारा चालूच असतो" हे होऊच शकत नाही. मारा दुप्पट असता तर आवाजही वाढलेलाच ऐकू आला असता.

काहींना हे हेडफोन चढवले की घाटातून जाताना कानात दडे बसतात तसं वाटतं. माझ्या बायकोला वाटतं, दहा मिनिटांपेक्षा जास्त ती ते घालूच शकत नाही. तिथं हवेचा दाब खरोखर वाढलेला नसतो. खालच्या पट्टीचे आवाज एकदम नाहीसे झाले की आपल्याला दाब बदलल्यासारखं भासतं. तरी त्रास हा त्रासच. ज्यांना तो होतो त्यांनी आवाज मारण्याची ती सोय बंद ठेवावी किंवा कमी करावी. बऱ्याच हेडफोनमध्ये ती कमीजास्त करता येते.

मग मुलांचे कान बिघडतात कशानं? मोठ्या आवाजानं, आणि तो किती वेळ कानात पडतो त्यानं. डेसिबल हे आवाजाचा जोर मोजायचं माप. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. ९० डेसिबलला हीच मुदत ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला आठवड्याची जेमतेम २० मिनिटं. दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, ७५ डेसिबल.

आता मे महिन्यातली आमची अभ्यासिका डोळ्यांपुढे आणा. बाहेर ४२ अंश, आत चार कूलर घरघरत आहेत. साधा वायरचा इअरफोन ती घरघर अडवत नाही, म्हणून मूल सरांचा आवाज तिच्या वर चढवतं. दोन तास, चार तास, रोज. हा माझ्या डोळ्यांसमोरचा धोका आहे आणि मेसेज पालकांना नेमका तिकडेच परत पाठवतो आहे.

मी एक साधी चाचणी केली, घरीही करता येईल. एकच हेडफोन, एकच लेक्चर. माझ्या फोनवर आवाजाच्या १५ पायऱ्या आहेत. कूलर बंद असताना शिक्षक नीट समजायला सहावी पायरी पुरली. कूलर लावला आणि नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवलं तेव्हा अकरावीपर्यंत जावं लागलं. ते चालू केलं आणि सातवर भागलं. (पायऱ्यांची ही तुलना एकाच हेडफोनवर करायची. दोन वेगवेगळे घेतले तर प्रत्येकाचा जोर निराळा, आकडे जुळत नाहीत.) अकराच्या जागी सात, हा फरक रोज चार तास कानाला मिळतो.

एक गोष्ट मात्र मी झाकून ठेवणार नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधल्या काही श्रवणतज्ज्ञांनी शंका मांडली की तरुण मुलं दिवसभर हे हेडफोन घालून बसली तर गोंगाटातून नेमकं बोलणं वेचून काढण्याची मेंदूची सवय कमी होत असेल का. त्यांनी संशोधनाची मागणी केली. कारण सिद्ध झालेलं नाही आणि त्यांचा मुद्दा कानाच्या पडद्याचा नव्हताच. तरी मला ती काळजी रास्त वाटते. आमच्याकडे मुलांना मी दर तासाला दहा मिनिटं कान मोकळे ठेवायला सांगतो. जेवताना, रस्त्यानं चालताना हेडफोन नाही म्हणजे नाही. स्कूटीवर तर अजिबात नको, आणि स्टेशनाकडे रूळ ओलांडून जाणाऱ्यांनी तर कानातलं काढून हातात घ्यावं. मागून येणाऱ्या गाडीची घरघर हेच यंत्र सगळ्यात आधी पुसून टाकतं.

मायक्रोवेव्हचा मुद्दा थोडक्यात. ब्लूटूथ आणि भट्टी दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, एवढं खरं. पण भट्टी बंद पेटीत ७०० ते १००० वॅट ओतते. ब्लूटूथच्या नेहमीच्या उपकरणांच्या एका वर्गाची कमाल ताकद अडीच मिलीवॅट आहे, म्हणजे भट्टीच्या सुमारे तीन लाखाव्या हिश्शाएवढी. शेगडीचा जाळ आणि निरांजनाची ज्योत, दोन्ही आगच, पण निरांजनावर भाकरी भाजत नाही. कुणी २०११ सालचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं "२ ब" वर्गीकरण पुढं करतं. रेडिओ लहरी त्या वर्गात आहेत हे खरं, आणि आशियातल्या पारंपरिक लोणच्याच्या भाज्याही त्याच वर्गात आहेत. कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही पण पुरावा मर्यादित आहे, असा त्या वर्गाचा अर्थ.

शिवाय आवाज रद्द करण्याचा आणि ब्लूटूथचा मुळात संबंध नाही. उलट्या लाटेनं आवाज मारण्याची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ पॉल ल्यूग यांची. अमेरिकेतलं त्यांचं पेटंट १९३६ सालचं. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना बोस या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांनी विमानात दिलेले हेडफोन लावले, इंजिनच्या घरघरीत संगीत ऐकू येईना, आणि प्रवासातच त्यांनी कागदावर आकडेमोड सुरू केली. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. बोस कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला, तेव्हा ब्लूटूथ जन्मालाही आलं नव्हतं. ज्यांना बिनतारी नकोच, त्यांच्यासाठी वायर जोडूनही आवाज रद्द करणारे हेडफोन आहेत.

"बोलणं ऐकू येतंच, म्हणजे फसवणूक." हा अनुभव खरा आहे. मुलंही येऊन सांगतात, "सर, कूलर गेला पण शेजारची कुजबुज जास्तच ऐकू यायली." त्याचं कारण आवाजाच्या पट्टीत आहे. कूलरच्या पंख्याची, एसटीच्या इंजिनाची, रेल्वेच्या एसी डब्याची घरघर खालच्या पट्टीची आणि एकसारखी असते. १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० फेरे घेणारी लाट साडेतीन मीटर लांब, तिचा एक फेरा १० मिलिसेकंदांचा. यंत्राला उलटी लाट तयार करायला भरपूर वेळ मिळतो. बोलण्यातली श, च यांसारखी व्यंजनं ओळखू येतात ती २ ते ४ हजार हर्ट्झच्या भागात. तिथली लाट जेमतेम हाताच्या पंजाएवढी आणि फेरा मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाचा. जरासा उशीर झाला तर उलटी लाट सुलटी होऊन आवाजात भरच घालेल. म्हणून बनवणारे साधारण एक हजार हर्ट्झच्या वर यंत्राचा हात आखडता घेतात आणि तिथलं काम कानावरच्या गादीवर किंवा कानात बसणाऱ्या रबरी टोपीवर सोपवतात. कूलरची घरघर जाते आणि गवतावरून ओघळणाऱ्या पाण्याची झुळझुळ उरते, ती यामुळेच. कुजबुज वाढलेली नसते; तिच्यावरचं घरघरीचं पांघरूण गेलेलं असतं.

याच कारणानं डीजेसमोर हे हेडफोन संरक्षण म्हणून लावू नयेत. मिरवणुकीतला आवाज सहज शंभरीपार जातो आणि त्यात सगळ्या पट्ट्या असतात. वाळूजला प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या माझ्या भाच्यालाही मी हेच बजावलं: कंपनीनं दिलेले इअरमफच घाल, गाण्याचे हेडफोन नकोत. ठोक्याचा आवाज यंत्राला आधी कळत नाही.

"दोन हजारांचा आणि तीस हजारांचा एकच माल." निम्मं खोटं, आणि उरलेल्या निम्म्यात विक्रेत्यांचा दोष आहे. खोक्यावर "५० डेसिबल" छापतात. असा आकडा बहुधा एखाद्याच पट्टीवर मिळालेला सर्वांत मोठा आकडा असतो, सगळ्या आवाजाचा नव्हे. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणून सगळ्या खालच्या पट्ट्यांवर प्रामाणिक २० डेसिबल मिळाले तरी कूलर खोलीतून उचलून गॅलरीत ठेवल्यासारखं वाटतं. मी तीन प्रकार शेजारी शेजारी वापरून पाहिले: सुमारे अठराशेचे कानात घालायचे बड, आठ हजारांचा कान झाकणारा, आणि मित्राचा महागडा सोनीचा डब्ल्यूएच-१००० एक्सएम ४. पंख्याची सगळ्यात खालची घुमघुम तिघांनीही कमी केली. फरक पडला तो तिच्या वरच्या पट्टीत, जिथं माणसांच्या गलक्याचा घोळदार भाग असतो. तिथं स्वस्त बड जवळजवळ काहीच करत नव्हते. गच्चीवर वाऱ्यात तर त्यांचे माइक फडफडायला लागले. महाग हेडफोनमध्ये माइक जास्त असतात, बाहेरही आणि आतही. आतला माइक काय उरलं ते ऐकून चूक दुरुस्त करतो. पैसे त्याचे, गादीचे आणि बॅटरीचे.

पण लातूरच्या विद्यार्थ्यानं तीस हजार घालावेत असं मी म्हणणार नाही. कान झाकणारा हेडफोन मे महिन्यात घामानं भिजतो, गादीचं रेक्झिन दोन उन्हाळ्यांत तडकतं. तडकलेल्या गादीतून, चष्म्याच्या काडीखालच्या फटीतून, कानावर बांधलेल्या स्कार्फच्या घडीतून खालच्या पट्टीचा आवाज आत शिरतो आणि महागातलं महाग यंत्रही लंगडं पडतं. घेण्याआधी दोन गोष्टी बघा: गादी सुटी मिळते का, आणि बड असेल तर सोबत तीन मापांच्या टोप्या आहेत का. नीट बसलेला स्वस्त बड सैल बसलेल्या महागाला मागं टाकतो. मुलांच्या कानांवर मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

राहिला कापूस. आपल्या भागात त्याला तोटा नाही, पण कानात घातलेल्या बोळ्यातून हवा आरपार जाते आणि हवेबरोबर आवाजही. नुसती शांतताच हवी असेल, लेक्चर ऐकायचं नसेल, तर मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात. बोटांत वळून बारीक करायचे, कान वरून मागं ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटानं दाबून धरायचे. डीजेच्या दिवशी मी तेच वाटतो.

त्या वडिलांना मी सांगितलं, हेडफोन राहू द्या. रविवारी मुलगा घरी आला की त्याच्या फोनच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन मीडिया व्हॉल्यूमची मर्यादा लावा, फोनमध्ये ती सोय असेल तर तिला पिनही टाका. आणि त्याला विचारा, रात्री खोली शांत झाल्यावर कानात शिट्टीसारखं वाजतं का. वाजत असेल आणि दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "सर, त्यो म्हणतो वाजतंय कधी कधी. जुन्या वायरवाल्याच्या टायमापासूनच." सोमवारची वेळ घेतली आहे.