प्रकल्पाचा विषय कसा निवडावा : एक चिकित्सक अभ्यास

एम.ए. मराठीचं शेवटचं सत्र आलं, सोमवारपर्यंत प्रकल्पाचा विषय लिहून द्यायचाय? मग आधी एक पथ्य पाळा : पुस्तक उघडू नका. वाचलं की प्रश्न पडतात, आणि प्रश्न पडलेल्या पोराचा आराखडा वेळेत मंजूर झालाय असं मराठवाड्यात तरी ऐकिवात नाही.

सुरुवात शीर्षकापासून. समजा तुम्ही गंगाखेडचे, म्हणजे जनाबाईच्या गावचे. नुसतं 'जनाबाईंचे अभंग' लिहिलंत तर सर विचारतील, पुढं काय? म्हणून 'जनाबाईंच्या अभंगांतील सामाजिक जाणीव' करा. तरी उघडंबोडकं दिसतंय. 'स्त्रीवादी दृष्टिकोनातून' जोडा, 'समकालीन संदर्भात' जोडा, आणि शेवटी 'एक चिकित्सक अभ्यास' हा शेंडा लावा. आता मुखपृष्ठावर चार ओळी भरल्या. डीटीपीवाला 'अक्षर बारीक करू का?' म्हणाला की समजा, विषय जमला.

अभंग चुकून वाचलेच असतील तर मात्र पंचाईत. तिथं विठ्ठल जनीबरोबर जात्याला बसतो, केर भरतो, शेण्या वेचू लागतो. एखाद्या भोचक पोरीला वाटेल, देवाला एवढा कळवळा होता तर त्यानं कामात हात लावण्याऐवजी तिला त्या कामातून सोडवलं का नाही? आणि ही बाई स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवते ते सोसत म्हणते की मिरवत? यातलं काहीही आराखड्यात येऊ देऊ नका. झेरॉक्स सेंटरवरच्या नोट्समध्ये याचं उत्तर नाही. त्यासाठी दहा-बारा अभंग शब्द लावून पुन्हा पुन्हा वाचावे लागतात, कुठला तिचा आणि कुठला मागाहून तिच्या नावावर चढला तेही बघावं लागतं. तेवढ्या वेळात तलाठी भरतीचे दोन सराव पेपर सोडवून होतात.

त्यापेक्षा गृहीतक असं लिहा : 'जनाबाईंच्या अभंगांत सामाजिक जाणीव आढळते.' निष्कर्ष : 'जनाबाईंच्या अभंगांत सामाजिक जाणीव आढळून येते.' मधली 80 पानं कशीही भरता येतात. संतांचा काळ, समाजस्थिती, यादव राजवट यातच 50 जातात. व्याप्तीत अख्खं संतसाहित्य घ्या आणि मर्यादेत 'वेळेअभावी' लिहा.

अंबाजोगाईच्या मुलांनी जास्त जपावं. तिथं आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, शिवाय संतकवी दासोपंतांची पासोडी आहे : सुमारे 40 फूट लांब कापडावर लिहिलेला ग्रंथ. गावात असली वस्तू असली की डोकं चालायला लागतं. पंतांनी कागद सोडून कापड का घेतलं? एवढं लांब लिहिलेलं लोक वाचायचे कसे, अंथरून की टांगून? सर म्हणतील, 'कशाला नादी लागायलास रे? मागच्या बॅचचा आराखडा घे की.' (सरांना तरी किती बोलायचं! तासिका तत्त्वावर दोन कॉलेजं करतात, मानधन कधी येईल ते त्यांनाही ठाऊक नसतं. पासोडी बघायला ते कधी जाणार?)

आधुनिक लेखक हवा असेल तर परभणीचे बी. रघुनाथ टाळलेले बरे. निजामाच्या बांधकाम खात्यातली नोकरी, कारभार सगळा उर्दूत, आणि हा माणूस लिहितो मराठी कविता, कथा, कादंबऱ्या. 1953 मध्ये गेला तेव्हा चाळिशीच गाठली होती. दिवसभर उर्दू कानावर घेणाऱ्या त्या माणसाची मराठी घडली कशी, हे बघायला त्याचं पान न् पान वाचावं लागेल, आणि त्याची पुस्तकं शोधायला जुनी वाचनालयं धुंडाळावी लागतील. 'ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि वाटचाल' घेतलं की पुस्तक हातात न घेताही भागतं.

संदर्भसूची मोठी असू द्या. कपाटाच्या चाव्या असलेले ग्रंथपाल रजेवर होते, ही गोष्ट सूचीत दिसत नाही.

राहिली तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक एकच विचारतात, 'एखादा अभंग म्हणा बरं.' घाबरू नका. जात्यावरचा कुठलाही सुरू करा आणि दुसऱ्या चरणाला गळा दाटल्यासारखं करून थांबा. पुढचा ते स्वतःच म्हणतात, डोळे मिटून, आणि डोळे उघडेपर्यंत चहा आलेला असतो.