4800 बॉडवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की सीएनसी मशीनच्या जुन्या फानुक कंट्रोलला (मशीन चालवणाऱ्या यंत्रणेला) संगणकावरून यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरने प्रोग्राम पाठवायचा असेल तर वेग 4800 बॉड, म्हणजे सेकंदाला 4800 बिट, ठेवा. त्यावर तुम्ही लिहिलंत, "4800 वर चालवणं हा अडाणीपणा आहे, आम्ही 19200 च्या खाली येत नाही." मत वेगळं असू द्या, पण 'अडाणी' कशासाठी? 22 वर्षं या मशीनांपुढे उभा राहिलोय. तो शब्द लागला, हे लपवत नाही.

एक चूक मान्य. केबलच्या 25 पिनांच्या कनेक्टरवर संगणक 2 नंबरच्या पिनवरून पाठवतो आणि 3 वर घेतो, 9 पिनांच्यावर बरोबर उलट. हे सांगायचं राहिलं होतं, आता लेखात घातलंय.

राहिला वेग. बफर (आलेली अक्षरं तात्पुरती साठवायची जागा) भरत आला की कंट्रोल संगणकाला डीसी3 हे खुणेचं अक्षर पाठवतो, म्हणजे 'थांब'. त्यानंतर 10 अक्षरं होऊनही ओघ थांबला नाही, तर 087 अलार्म, म्हणजे बफर ओसंडला. आणि काही कन्व्हर्टर आलेलं अक्षर 16 मिलिसेकंदांपर्यंत स्वतःकडेच ठेवतात, मग संगणकाला देतात. 7 डेटा बिट, ईव्हन पॅरिटी, 2 स्टॉप बिट, म्हणजे स्टार्ट बिट धरून अक्षरामागे 11 बिट. त्या 16 मिलिसेकंदांत 4800 ला सुमारे 7 अक्षरं निघून जातात, म्हणजे 10 च्या आत; 9600 ला 14, 19200 ला 28. कागद-पेन्सिल घ्या आणि स्वतः मांडून बघा. मग अडाणी कोण ते ठरवा.

मी हे पुस्तकात वाचलेलं नाही. डीएनसीवर, म्हणजे संगणकावरून प्रोग्राम येईल तसा मशीन चालवताना, मोल्डचा लांबलचक प्रोग्राम चालू असला की रात्रपाळीत 087 यायचा, कटर जॉबमध्येच उभा राहायचा आणि तिथे खूण पडायची. तीन रात्री मी केबल बदलली, शील्ड तपासली, जोड पुन्हा सोल्डर केले. साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. चौथ्या रात्री 9600 चे 4800 केले आणि सकाळपर्यंत मशीन थांबलं नाही.

4800 वर बारीक ब्लॉकच्या (प्रोग्रामच्या छोट्या छोट्या हालचालींच्या ओळींच्या) फिनिशिंगला मशीन अडखळतं म्हणता, तर फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, कमी करा. कंट्रोलच बदलून टाका, या तुमच्या सल्ल्यावर मी बोलणार नाही.

तुमचं 19200 कुठल्या कंट्रोलवर, कुठल्या कन्व्हर्टरने आणि किती लांब केबलवर चालतं, यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही. ते लिहा, मग बोलू.