‘जळू चिकटली की मीठ टाका, लायटर लावा’ हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

पावसाळा लागला की हा मेसेज ट्रेकच्या ग्रुपवर फिरायला लागतो. आंबोली, आगुंबे, कूर्ग, कुद्रेमुख, कुठंही जाणार असाल तर जरूर वाचा म्हणून. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, त्यात काय लिहिलंय ते थोडक्यात सांगते. जळू विषारी असते आणि रोग पसरवते. ती झाडावरून अंगावर उडी मारते. हाताने काढायची नाही, दात आत राहून सेप्टिक होतं. चिकटली की लगेच मीठ, तंबाखू किंवा चुना टाकायचा, नाहीतर लायटरचा चटका द्यायचा. रक्त थांबत नसेल तर विष भिनलं समजायचं. आणि सगळ्यात शेवटी, जळू फक्त अशुद्ध रक्त पिते म्हणून एखादी राहिली तरी चांगलंच.

आधी मीठ आणि लायटरचं बोलू, कारण खरं नुकसान तिथंच होतं. जळूवर मीठ टाकलं, चुना लावला, चटका दिला की ती सुटते हे खरंय, पण सुटताना पोटातलं ओकते, आणि तेव्हा तिचं तोंड तुमच्या उघड्या जखमेवर असतं. जळूच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जिवाणू राहतात, रक्त पचवायला तिला ते लागतात, पण आपल्या जखमेत गेले तर ती चिघळू शकते. प्लास्टिक सर्जरीत तुटलेलं बोट जोडल्यावर तिथं साठलेलं रक्त काढायला आजही जळवा लावतात, अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने २००४ मध्ये त्याला रीतसर परवानगी दिलीये, आणि तिथं ह्याच जिवाणूंसाठी पेशंटला आधीपासून अँटिबायोटिक देतात. हॉस्पिटलमध्ये एवढी काळजी घेतात आणि आपण जंगलात, चिखलाच्या पायावर, मुद्दाम तिला ओकायला लावायचं?

ह्यावर लगेच कुणीतरी म्हणतं की आयुर्वेदातच मीठ टाकायला सांगितलंय. हो, सांगितलंय. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जळवांवर अख्खा अध्याय आहे, जळू सुटत नसेल तर तिच्या तोंडावर सैंधवाची पूड टाका असं त्यात आहेच. पण तेवढंच वाचून थांबू नका ना, पुढचं पण वाचा. जळू गळून पडल्यावर तिच्या तोंडाला तेल-मीठ लावायचं, शेपूट एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी हळूहळू तोंडाकडे निपटत तिला ओकायला लावायचं, असं लिहिलंय. म्हणजे मिठाने जळू ओकते हे सुश्रुतांना पक्कं माहीत होतं, आणि ते ओकवणं त्यांनी ती पेशंटच्या अंगावरून निघाल्यानंतरच सांगितलंय. शिवाय ती वैद्याने पारखून, जपून ठेवलेली जळू, आपल्या बुटात शिरलेली नव्हे.

लायटरचं तर बोलायलाच नको. आंबोलीच्या एका ट्रेकला माझ्या भाच्याच्या पोटरीवर ग्रुपमधल्या एकाने लायटर धरला, त्याला मदतच करायची होती, जळू पडली पण पोराच्या कातडीवर टरारून फोड आला. जळूची खूण काही दिवसांत गेली, भाजल्याचा डाग अजून आहे.

मग काढायची कशी? हातानेच. जळूला दोन टोकांना दोन चोषकं असतात. बारीक टोक तोंडाकडचं, जाड टोक मागचं. बारीक टोकाशेजारची कातडी थोडी ताणून धरायची, नख कातडीला सपाट टेकवायचं आणि तोंडाखालून आडवं सरकवायचं, तोंड सुटतं, मग तसंच जाड टोक सोडवायचं आणि टिचकी मारून उडवायची, लगेच, नाहीतर ती बोटाला चिकटते. नखाऐवजी एटीएम कार्डची कड पण चालते. किळस फारच येत असेल तर काहीच करू नका, पोट भरलं की ती आपोआप गळून पडते, साधारण अर्ध्या-एक तासात.

दात आत राहण्याची भीती मला वाटतं गोचिडीवरून आलीये. गोचिडीचं तोंड कातडीत रुतलेलं असतं आणि ओढताना तुटून आत राहू शकतं. जळू तशी रुतत नाही, ती चोषकाने चिकटते. मधेच पकडून खसकन ओढू नका एवढं बरोबर आहे, त्याने जखम फाटते, पण नख सरकवून काढली तर हा प्रश्नच येत नाही.

रोगांचंही तसंच. आपल्या जंगलातल्या जळूच्या चाव्यातून माणसाला साथीचा आजार होतो असं दिसलेलं नाही. जो आजार खरंच आहे तो म्हणजे माकडताप, १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला आणि आता आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे पण पोचलाय. तो गोचिडीमुळे होतो, आणि तोही मुख्यतः हिवाळा-उन्हाळ्यात, जेव्हा जळवा दिसतही नाहीत. लोक पावसात जळूला घाबरतात आणि फेब्रुवारीत त्याच जंगलात पाचोळ्यावर निवांत आडवे होतात, ह्याची मला जास्त काळजी वाटते.

रक्त थांबत नाही ते विषाने नाही. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, हिरुडिन, जळूत असं काहीतरी आहे हे १८८४ पासून माहितीये. त्यामुळे ती पडल्यावरही काही तास थेंब थेंब येत राहतं, मोजा लाल झाला की बघवत नाही पण एकूण रक्त फार नसतं. साबण-पाण्याने धुवा, स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, पट्टी बांधा. नंतर खाज सुटते, खाजवून जखम करू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर मात्र डॉक्टर गाठा.

झाडावरून उडीचं म्हणाल तर मादागास्करमधल्या एका जातीच्या जळवा पानावरून उडी मारताना शूट झाल्यात, ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे मात्र ती बहुतेक वेळा खालूनच येते, पाचोळ्यातून, गवतातून. मानेवर सापडली म्हणून वरून पडली असं नाही, बुटापासून चढत आलेली असते. म्हणून पँट मोज्यात खोचा, विणीतून शिरणार नाही असे लीच सॉक्स घाला. मोज्याला बाहेरून तंबाखूचं किंवा मिठाचं पाणी लावतात ते ठीक आहे, चिकटण्याआधीचा उपाय आहे तो, पावसात धुऊन जातं एवढंच. पण कातळावर, डबक्यांजवळ मीठ उधळू नका. आंबोलीच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, छोट्या डबक्यांत तिथला आंबोली टोड हा बेडूक अंडी घालतो, जगात फार थोड्या जागी उरलाय तो, आणि बेडकांच्या कातडीला मीठ सोसत नाही.

अशुद्ध रक्ताबद्दल एकच, जळूला शुद्ध-अशुद्ध कळत नाही, जिथं चिकटेल तिथलं पिते.

आणि ज्या जळूपासून खरंच जपायला हवं तिचं मेसेजमध्ये नावही नाही. हिमालयाच्या पायथ्याला, ईशान्येकडे ओढ्याचं पाणी तोंड लावून प्यायलं की बारीक जळू नाकात किंवा घशात जाऊन बसते आणि आठवडेच्या आठवडे तिथंच वाढते. तिकडून फिरून आल्यावर एकाच नाकपुडीतून सारखं रक्त येत असेल किंवा आत काहीतरी वळवळल्यासारखं वाटत असेल तर घरी चिमटा घालत बसू नका, सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा आणि ओढ्याचं पाणी प्यायल्याचं आठवणीने सांगा.