वनस्पती पेशीतील तंतुकणिका आणि रिक्तिका : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

पेशीच्या अंगकांवरील (पेशीत ठरावीक काम करणाऱ्या भागांवरील) माझ्या लेखावर आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवण्याचा आपला अनुभव मोठा आहे, त्यामुळे तिला दोन ओळींत उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे, की वनस्पती पेशीत हरितलवके (प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करणारी हिरवी अंगके) आणि प्राणी पेशीत तंतुकणिका (अन्नातील ऊर्जा मोकळी करणारी अंगके) हा सुटसुटीत भेद मी ‘दोन्हींत तंतुकणिका असतात’ असे लिहून विनाकारण गुंतागुंतीचा केला. रिक्तिका ही निव्वळ साठवणीची पिशवी असताना तिच्यावर पानभर मजकूर खर्च केला. आणि विद्यार्थ्याला परीक्षेत फरकाचा तक्ताच लिहायचा असल्याने हे सारे त्याच्या डोक्यावरून जाते. तक्त्याला माझा विरोध नाही, उजळणीला तो उपयोगी पडतोच. परंतु ज्या तक्त्यात हरितलवकासमोर तंतुकणिका मांडलेली असते तो तक्ता सोपा नसून चुकीचा आहे, आणि एवढ्या मुद्द्यावर मला आपल्याशी सहमत होता येत नाही.

हरितलवक अन्न तयार करते, मग तंतुकणिकेची गरजच काय, असे आपण विचारले आहे. हरितलवकात प्रकाशाच्या साहाय्याने एटीपी (पेशीच्या कामांना ऊर्जा पुरवणारे संयुग) तयार होते हे खरे. पण ते बव्हंशी तिथल्या तिथे, कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा घडवण्यातच खर्ची पडते. बाकीच्या पेशीच्या हाती लागते ती मुख्यतः शर्करा. प्रथिने बांधणे, क्षार आत ओढून घेणे, पेशीचे विभाजन होणे या कामांसाठी त्या शर्करेतील ऊर्जा मोकळी करावी लागते, आणि त्या प्रक्रियेचा मोठा भाग प्राण्यांप्रमाणेच वनस्पतींतही तंतुकणिकेत पार पडतो. शिवाय वनस्पतीची प्रत्येक पेशी हिरवी नसते. जमिनीखालच्या मुळाला पानात तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून पोहोचते; ती वापरायला मुळाच्या पेशीत तंतुकणिका नसत्या, तर ती साखर असून नसल्यासारखी झाली असती.

याचा पुरावा घरात सहज मिळतो. मोड आणण्यासाठी फडक्यात घट्ट बांधून ठेवलेल्या मटकीच्या गाठोड्यात मध्यभागी बोट घातले, तर आतली मटकी कोमट लागते. अंधारात, प्रकाशसंश्लेषणाचा मागमूस नसताना, दाण्यात साठवलेल्या अन्नाचे ऑक्सिडीकरण चाललेले असते आणि त्यातील काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. हेच मोड बंद बरणीत ठेवून आतली हवा चुन्याच्या निवळीतून जाऊ दिली, तर मोडांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निवळी दुधाळ होते. ‘तंतुकणिका प्राण्यांत’ असे पाठ केलेल्या मुलाला या दोन्ही गोष्टींचे कारण सांगता येणार नाही. वनस्पती फक्त रात्री श्वसन करतात हा सार्वत्रिक गैरसमजही याच मांडणीच्या आधाराने टिकून राहतो. वास्तविक त्या चोवीस तास श्वसन करतात; दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याहून बराच जास्त असल्यामुळे ते वरवर दिसत नाही, इतकेच.

या दोन अंगकांचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. तंतुकणिका आणि हरितलवके हे दोन्ही मुळात स्वतंत्र जिवाणूंचे वंशज आहेत, हा विचार अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये नेटाने मांडला आणि पुढे तो मान्य झाला. दोघांपाशी आजही स्वतःचे डीएनए आहे. वनस्पतींच्या एकपेशीय पूर्वजाने प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू आत घेतला, तेव्हा त्याच्याकडे तंतुकणिका आधीपासूनच होत्या. हरितलवक त्यांच्या जागी आलेले नाही, ते त्यांच्या जोडीला आले.

आता रिक्तिकेविषयी. पूर्ण वाढलेल्या वनस्पती पेशीत ती आकारमानाचा ९० टक्क्यांपर्यंत भाग व्यापू शकते. तिच्यातील विद्राव्य पदार्थांमुळे पाणी परासरणाने (पटलातून कमी तीव्र द्रावणाकडून अधिक तीव्र द्रावणाकडे जात) आत येते, रिक्तिका फुगते आणि पेशीद्रव्याला भित्तिकेवर (पेशीभोवतीच्या ताठ आवरणावर) दाबून धरते; हवा भरलेल्या ट्यूबमुळे सायकलचे टायर ताठ राहावे तसे कोवळे देठ आणि पाने या दाबावर उभी राहतात. सुकलेली कोथिंबिरीची जुडी पाण्यात ठेवल्यावर पुन्हा तरतरीत होते ती यामुळेच. उलटपक्षी मानवी तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली, तर आत शिरणाऱ्या पाण्याला अडवायला भित्तिका नसल्याने ती फुटते. म्हणजे भित्तिका आणि रिक्तिका या तक्त्यातल्या दोन सुट्या ओळी नाहीत. एकीशिवाय दुसरीचे काम पुरते समजत नाही. वनस्पती पेशीत लयकारिकांचे (प्राणी पेशीत टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या अंगकांचे) बरेचसे पचनाचे कामही रिक्तिकेतील विकरेच (एन्झाइम) करतात, म्हणून तिला नुसती साठवणीची पिशवी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

परीक्षेचा मुद्दा मी हलका मानत नाही. तक्ता लिहायचाच असेल तर त्याच्यावर एक ओळ असावी: केंद्रक, प्रद्रव्यपटल (पेशीद्रव्याभोवतीचे पातळ आवरण), तंतुकणिका, रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी पिंड ही दोन्ही पेशींत असतात. त्याखाली भेद लिहावेत. एवढ्याने कोणाचे गुण जाणार नाहीत.

मात्र माझा आग्रह प्रयोगवहीविषयी अधिक आहे. कांद्याच्या पापुद्र्यात आयोडीन घातल्यावर भित्तिका आणि केंद्रक छान दिसतात, हरितलवक मात्र एकही दिसत नाही, कारण जमिनीत वाढलेल्या त्या पांढऱ्या पाकळीत ते नसतेच. तरीही कित्येक वह्यांत कांद्याच्या पेशीत हिरवे ठिपके रंगवलेले असतात. ते सूक्ष्मदर्शकातून न येता तक्त्यातून आलेले असतात. आपल्या शाळेच्या आवारात वरून हिरव्या आणि खालून जांभळ्या पानांचे ऱ्हिओ हे शोभेचे झाड असेल, तर त्याच्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा मुलांना अवश्य दाखवावा. तो जांभळा रंग रिक्तिकेतील रसात विरघळलेला असतो. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला की रंगीत भाग आक्रसत भित्तिकेपासून सुटतो, मध्ये रंगहीन फट दिसू लागते, आणि भित्तिका, पटल व रिक्तिका या तिन्हींच्या सीमा मुलांना एकाच वेळी दिसतात. द्रावण फार तीव्र नसावे आणि फट दिसल्यावर लवकरच साधे पाणी घालावे, म्हणजे पेशी पुन्हा फुगताना पाहता येते. अधिक वेळ गेल्यास पटल निकामी होऊन जांभळा रंग बाहेर झिरपतो आणि मग कितीही पाणी घातले तरी ती पेशी पूर्ववत होत नाही.